सोलापूर ते लंडन: अंतर आणि विमानाचा वेळ घरबसल्या कसा काढायचा

पोराला लंडनच्या कॉलेजात प्रवेश मिळाला की घरात पहिला प्रश्न येतो, ‘किती लांब आहे आणि पोचायला किती वेळ लागतो?’ मोबाइलवर शोधलं तर कुठे ७,५४३ दिसतं, कुठे ४,४८१, कुठे ३,८९४. वेळही साडेआठ तासांपासून पार अठ्ठावीस तासांपर्यंत. यातले बहुतेक आकडे बरोबरच असतात, फक्त प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतो. ७,५४३ हे सोलापूर ते लंडन सरळ अंतर किलोमीटरमध्ये. ४,४८१ हे मुंबई ते लंडन मैलांत, आणि ३,८९४ तेच अंतर सागरी मैलांत. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर, सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. विमानाची माणसं सागरी मैलात बोलतात, कारण एक अंश अक्षांशाचे जवळजवळ साठ सागरी मैल होतात. म्हणून आकडा हाती आला की आधी एकक बघा आणि कुठून कुठपर्यंत मोजलंय ते बघा. बाकीचा हिशोब आपला आपण करता येतो.

पृथ्वीगोल आणि दोरा

सर्वात सोपी रीत शाळेतल्या पृथ्वीगोलावरची. ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल घ्या. त्याचा घेर सुमारे ९४.२ सेंटिमीटर भरतो आणि पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणजे गोलावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ ४२५ किलोमीटर. सुती दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणून गोलाला घट्ट बसू द्या. तो आपोआप सर्वात जवळची वाट धरतो. मोजपट्टीवर १७ सेंटिमीटर येतील. १७ गुणिले ४२५ म्हणजे ७,२२५ किलोमीटर, आणि काटेकोर उत्तर ७,२१२ आहे. लोकरीचा धागा किंवा इलॅस्टिक वापरू नका, ते ताणलं जातं. एका मिलिमीटरच्या चुकीला ४२ किलोमीटर पडतात, तेव्हा दोन-तीनदा मोजून मधला आकडा घ्या.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर मात्र पट्टी ठेवून मोजायचं नाही. गोल साल सपाट करताना वरचे आणि खालचे भाग फाकतात, त्यामुळे उत्तरेकडची अंतरं फुगतात आणि सरळ रेघ ही जवळची वाट राहत नाही. मुंबई–न्यूयॉर्क घेतलं की हे स्पष्ट कळतं. मोबाइलच्या नकाशात असते तशा सपाट नकाशावर दोन शहरांमध्ये सरळ रेघ मारली, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते आणि तिची खरी लांबी सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. गोलावर दोरा ताणलात तर तो वायव्येला चढत जाऊन आइसलँडजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत पोचतो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरतो, आणि लांबी भरते सुमारे १२,५३० किलोमीटर. जवळजवळ १,७०० किलोमीटरचा फरक, म्हणजे विमानाचे दोन तास. विमान ‘उगाच वर का जातं’ असं वाटतं, त्याचं कारण हे.

गणिताने काढायचं असेल तर

दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश लागतात. सोलापूर १७.६६ उत्तर, ७५.९१ पूर्व. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. लंडनचा हीथ्रो विमानतळ ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. सूत्र असं (यातला ‘कोन’ म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून पाहिलं तर दोन ठिकाणांमध्ये पडणारा कोन):

कोसाइन(कोन) = साइन(पहिला अक्षांश) × साइन(दुसरा अक्षांश) + कोसाइन(पहिला अक्षांश) × कोसाइन(दुसरा अक्षांश) × कोसाइन(रेखांशांतला फरक)

मुंबई पूर्वेला आणि हीथ्रो पश्चिमेला, म्हणून रेखांशांची बेरीज करायची: ७२.८७ + ०.४५ = ७३.३२. आता आकडे घाला. ०.३२७१ × ०.७८२३ याचे ०.२५५९, आणि ०.९४५० × ०.६२२९ × ०.२८७० याचे ०.१६८९. बेरीज ०.४२४८. याचा उलट कोसाइन घेतला की ६४.८६ अंश येतात. एका अंशाला १११.१९ किलोमीटर, म्हणून गुणाकार ७,२१२ किलोमीटर.

चुका नेहमी दोन ठिकाणी होतात. पहिली, कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) राहिलेला असतो. साइन ३० काढून बघा, ०.५ आलं तरच पुढे जा. दुसरी, पश्चिम रेखांश बेरजेऐवजी वजा केला जातो. लंडनसाठी ही चूक लपून जाते, कारण ०.४५ फार लहान आहे. न्यूयॉर्क ७३.७८ पश्चिमेला आहे. तिथे वजाबाकी केलीत तर न्यूयॉर्क मुंबईपासून २,४०० किलोमीटरवर येऊन बसतं. उत्तर असं विचित्र आलं की चिन्ह तपासा.

सोलापूर–मुंबईसारख्या जवळच्या अंतराला हे सूत्र वापरू नका. तिथे कोसाइन एकाच्या अगदी जवळ जातो आणि चौथ्या दशांशातल्या एकाच्या चुकीने उत्तर ११ किलोमीटर हलतं. लंडनच्या हिशोबात त्याच चुकीने एक किलोमीटरसुद्धा हलत नाही. जवळच्या अंतराला काटकोन त्रिकोण पुरतो. होटगी रोडचा सोलापूर विमानतळ आणि मुंबई विमानतळ यांच्या अक्षांशांत १.४६ अंशांचा फरक, त्याचे १६२ किलोमीटर. रेखांशांत ३.०७ अंश, पण आपल्या अक्षांशावर रेखांशाचा अंश आखडून साडेएकशेपाच किलोमीटरचा होतो, म्हणून ३२४ किलोमीटर. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की ३६२ किलोमीटर. रेल्वेने हेच अंतर ४५५ किलोमीटर आहे. पुण्याला वळसा आणि घाट उतरणं यात उरलेलं जातं.

मोबाइलच्या नकाशात अंतर मोजायची सोय असते. संगणकावर पहिल्या ठिकाणी उजवी क्लिक करून ‘अंतर मोजा’ निवडा आणि दुसऱ्या ठिकाणी टिचकी द्या. रेघ कमानीसारखी दिसली तर घाबरू नका, तीच जवळची वाट. एकदा हाताने काढून मग त्याच्याशी ताडून पाहावं, आकड्यावर विश्वास बसतो.

कुठल्या विमानतळावरून जायचं

सोलापूरच्या माणसाला हा हिशोब खास उपयोगाचा, कारण आपण मुंबई आणि हैदराबादच्या मध्ये आहोत. सोलापूर–लंडन सरळ अंतर ७,५४३ किलोमीटर. मुंबईमार्गे ३६२ अधिक ७,२१२ म्हणजे ७,५७४. वाढले फक्त ३१ किलोमीटर! मुंबई जवळजवळ वाटेतच आहे. हैदराबादमार्गे आधी २७१ किलोमीटर उलट पूर्वेला जायचं आणि तिथून ७,७५२, एकूण ८,०२३. युरोप-अमेरिकेला निघालेल्याने म्हणून आधी मुंबई पाहावी.

सिंगापूरला जायचं असेल तर चित्र उलटं. मुंबई–सिंगापूर सुमारे ३,९२० किलोमीटर, हैदराबाद–सिंगापूर ३,३०५. शिवाय नळदुर्ग, उमरगा, जहीराबाद, संगारेड्डी या हमरस्त्याने जाऊन पटणचेरूजवळ बाहेरच्या रिंग रोडला लागलं की हैदराबाद शहरात न शिरता शमशाबादला पोचता येतं. घाट नाही, पुणे ओलांडायचं नाही. पूर्वेकडच्या प्रवासाला ‘मुंबईच बरी’ म्हणणाऱ्यांनी एकदा हा हिशोब करून बघावा.

दुबईमार्गे तिकीट स्वस्त मिळतं, पण ‘वळसा पडतो’ असं लोक म्हणतात. मुंबई–दुबई १,९२७ आणि दुबई–लंडन ५,४९७, मिळून ७,४२४ किलोमीटर. थेट विमानापेक्षा फक्त २१२ जास्त. वेळ जातो तो वळशात नाही, दुसऱ्यांदा उतरणं-चढणं आणि मधला मुक्काम यात. तिकीट निवडताना मधल्या थांब्याचे तास बघा, नकाशावरची रेघ नाही.

अंतरावरून वेळ

मोठी विमानं १०-१२ किलोमीटर उंचीवर ताशी सुमारे ८९० किलोमीटर वेगाने जातात. ७,२१२ भागिले ८९० म्हणजे आठ तास सहा मिनिटं. पण तिकिटावर पावणेदहा तासांच्या आसपास लिहिलेलं असतं. मधला फरक तीन गोष्टींत जातो, आणि तिन्ही वेगवेगळ्या धरल्या तर उत्तर पंधरा-वीस मिनिटांच्या आत येतं.

पहिली गोष्ट, विमान दोऱ्याच्या वाटेने तंतोतंत जात नाही. आखलेले हवाई मार्ग, वादळं, लष्करी क्षेत्रं, बंद हवाई हद्दी, हे सगळं चुकवत जावं लागतं. लांबच्या प्रवासाला अंतरात ५ टक्के वाढवा: ७,२१२ चे ७,५७३. एखाद्या देशाने हद्द बंद केली की हा आकडा एकदम वाढतो. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय कंपन्यांच्या विमानांना हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला आणि परदेशी कंपन्यांची विमानं जुन्याच वाटेने जात राहिली. त्याच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांचे वेळ वेगळे दिसतात ते अशाने.

दुसरी गोष्ट वारा. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. थंडीत त्यांचा एक पट्टा उत्तर भारतावर येतो आणि वेग ताशी दीडशे किलोमीटरच्याही वर जातो. लंडनला जाताना हा वारा समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. पूर्ण वाटेभर तो सारखा नसतो, म्हणून सरासरी धरायची: जाताना ताशी ६० वजा, येताना ताशी ६० अधिक. म्हणजे जाताना वेग ८३०, येताना ९५०. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून जाणं-येणं कमीजास्त होतं, असं पुष्कळ जण सांगतात. ते खरं नाही. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. फरक वाऱ्याचा आहे, आणि म्हणूनच तो ऋतूप्रमाणे बदलतो.

तिसरी, जमिनीवरचा आणि चढ-उताराचा वेळ. तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि दुसऱ्या टोकाला जागेवर उभं राहिलं की संपतो. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, चढताना कमी वेग, उतरण्याआधी हवेत घिरट्या (हीथ्रोला हे नेहमीचंच), मग पुन्हा जागेपर्यंत सरकणं. याचे ४० मिनिटं धरा.

आता जाताना: ७,५७३ भागिले ८३० म्हणजे ९ तास ७ मिनिटं, अधिक ४० मिनिटं, एकूण ९ तास ४७ मिनिटं. येताना: ७,५७३ भागिले ९५० म्हणजे ७ तास ५८ मिनिटं, अधिक ४०, एकूण ८ तास ३८ मिनिटं. न्यूयॉर्कला हीच रीत लावा. १२,५३० मध्ये ५ टक्के वाढवून १३,१५७. जाताना बरीच वाट उत्तरेकडून असल्याने वारा तितका थेट समोरून येत नाही. ४० वजा करून ८५० वेग धरा, सुमारे १६ तास १० मिनिटं येतात. परतताना ९५० धरून साडेचौदा तास.

सोलापूर–मुंबईसारख्या छोट्या उड्डाणाला ५ नव्हे, १० टक्के वाढवा, कारण वळून रांगेत येण्यातच पाच-पन्नास किलोमीटर जातात. ३६२ चे ३९८ झाले. पंख्याचं एटीआर विमान असेल तर वेग ताशी ५००, म्हणजे ४८ अधिक ४०, दीड तासाला दोन मिनिटं कमी. छोटं जेट असेल तर सरासरी ७०० धरा, सव्वा तास. इतक्या छोट्या अंतरात जेटला पूर्ण वेग धरायला सवडच मिळत नाही.

घड्याळाचा घोळ

तिकिटावरच्या सगळ्या वेळा त्या त्या गावच्या असतात. मुंबईहून दुपारी २ ला निघून लंडनला संध्याकाळी ६.१७ ला पोचतं, म्हणजे सव्वाचार तास लागले असं मनात येतं. रीत एकच ठेवा: सगळं आधी भारतीय वेळेत आणायचं, मग वजाबाकी. थंडीत लंडन आपल्या साडेपाच तास मागे. ६.१७ मध्ये साडेपाच तास मिळवले की रात्रीचे ११.४७, त्यातून दुपारचे २ गेले, उरले ९ तास ४७ मिनिटं.

उन्हाळ्यात तिकडे घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा फरक साडेचार तासांवर येतो. ब्रिटन आणि युरोपात हे मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपतं. अमेरिकेत मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार. न्यूयॉर्क त्यामुळे थंडीत साडेदहा तास मागे आणि उन्हाळ्यात साडेनऊ. मार्चच्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत अमेरिका बदललेली असते आणि युरोप नाही. लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाणाऱ्यांचा हिशोब तेव्हा हमखास एका तासाने चुकतो. विमान कंपन्यांची वेळापत्रकंही मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, तेव्हा तारीख या कडेला असेल तर प्रवासाआधी तिकीट पुन्हा उघडून बघा.

रेखांशावरून वेळेचा फरक काढायला जाऊ नका. १५ अंशांना एक तास हे सूर्यासाठी खरं, घड्याळासाठी नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं आहे आणि सोलापूर ७५.९१ वर, म्हणून इथे सूर्य सरासरी बारा वाजून २६ मिनिटांनी माथ्यावर येतो.

सर्वात महाग पडणारी चूक तारखेची. ‘१५ तारीख, ००.४०’ असं लिहिलेलं विमान १४ च्या रात्री पकडायचं असतं. आपल्याकडे पहाट होईपर्यंत आदलाच दिवस धरायची सवय आहे, त्यामुळे माणसं १५ च्या रात्री सामान घेऊन पोचतात आणि विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. तिकीट हाती आलं की घरच्या कॅलेंडरवर विमानाची वेळ लिहू नका. सोलापूर कधी सोडायचं ती तारीख आणि वेळ लिहा.

सोलापूर सोडायची वेळ

इथे उलटं मोजत यायचं. दुपारी २ चं विमान. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी, म्हणजे ११ ला विमानतळावर. सामान घेण्याची खिडकी साधारण एक तास आधी बंद होते, काहींची त्याहूनही आधी. तीन तास हे पासपोर्ट आणि तपासणीच्या रांगांसाठी. आता पहाटे सहाच्या सुमारास सोलापूर सोडणारी वंदे भारत साडेबाराच्या आसपास मुंबईला पोचते, ती या विमानाला चालत नाही. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस चालते. सकाळी सातच्या आगेमागे मुंबई, हाताशी चार तास. त्यातले दोन तास गाडीच्या उशिरात गेले तरी चालतं. वंदे भारत संध्याकाळी साडेपाच-सहानंतरच्या विमानाला उत्तम, फक्त ती आठवड्यातून एक दिवस नसते हे आधी पाहा.

दादरला किंवा सीएसएमटीला उतरून मेट्रो ३ ने थेट टर्मिनल २ गाठता येतं, रस्त्यावरची कोंडी टळते. मध्यरात्री मेट्रो नसते, तेव्हा टॅक्सी धरा. मोटारीने जाणाऱ्यांनी ४०० किलोमीटरला आठ तास धरून वर दोन तास राखीव ठेवावेत. हडपसरपासून पुणे ओलांडेपर्यंत आणि पावसाळ्यात किंवा शनिवार-रविवारी खंडाळ्याच्या घाटात हे दोन तास खर्च होतात. नवी मुंबईचा विमानतळही आता सुरू आहे, तेव्हा तिकिटावर बीओएम (जुना मुंबई विमानतळ) लिहिलंय की एनएमआय (नवी मुंबई) हे गाडी पनवेलला पोचण्याआधी ठरलेलं असावं. लंडनच्या टोकालाही हीथ्रो की गॅटविक ते बघा.

होटगी रोडवरून विमानसेवा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, जूनमध्ये गोव्याला आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईला. सव्वा तासात मुंबई हा मोह मोठा आहे. पण लंडनचं तिकीट वेगळं काढलेलं असेल तर पहिलं विमान उशिरा किंवा रद्द झाल्यावर दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही परत देत नाही. सामानही मुंबईला स्वतः उतरवून पुन्हा द्यावं लागतं. देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलो, लंडनच्या तिकिटावर २३ किलोची एक किंवा दोन बॅगा. जादा वजनाचे पैसे पहिल्याच टप्प्यात जातात. वेगळी तिकिटं असतील तर मध्ये किमान सहा तास ठेवा, आणि सोलापूर–मुंबई विमान रद्द झालं तर रात्रीची गाडी वेळेत पोचवेल अशाच दिवशी ते घ्या.

सगळं जोडून पाहू. घर रात्री पावणेदहाला सोडलं, दुसऱ्या दिवशी दुपारी २ ला विमान, रात्री ११.४७ ला लंडन. पासपोर्ट आणि सामानाला पावणेदोन तास, शहरात जायला एक तास. भारतीय घड्याळात तिसऱ्या दिवशीचे पहाटेचे अडीच. एकूण २८ तास ४५ मिनिटं, त्यातले हवेत आणि विमानात जेमतेम एक तृतीयांश.

परतीला लंडनहून थंडीत रात्री ९ ला निघालं तर भारतीय वेळ पहाटेची २.३०, त्यात ८ तास ३८ मिनिटं मिळवून मुंबई सकाळी ११.०८. साडेबारापर्यंत बाहेर. दुपारी चारच्या सुमारास सुटणारी वंदे भारत आरामात मिळते आणि रात्री अकराच्या आत सोलापूर. विमान तीन तास उशिरा आलं तर ती चुकेल, म्हणून रात्रीच्या सिद्धेश्वरचंही आरक्षण करून ठेवा. वंदे भारत मिळाली की ते रद्द करता येतं.